मोहल्ल्याची सत्ता आणि वस्तीचा हिशोब

वाराणसीत केदार घाटाकडून दशाश्वमेधाकडे चालत निघाले की वाटेत राजा घाट लागतो. मालवीय पुलाजवळचा राजघाट वेगळा. राघोबादादाचा दत्तक मुलगा अमृतराव इंग्रजांशी समेट करून, सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन उत्तरेत गेला आणि पुढे हा घाट त्याने दगडात बांधून काढला. ब्राह्मणभोजनावर आणि दानधर्मावर काशीत त्याने सढळ हाताने खर्च केला. पेशवाई गेली. तिचा पैसा कुठे मुरला, हे मात्र या पायऱ्यांवर अजून दिसते.

दरवर्षी पावसाळा संपून गंगा उतरली की या घाटांवर गाळाचा जाड थर राहतो. पाइप लावून, पाण्याचे झोत मारून, फावड्याने ओढून तो पुन्हा नदीत लोटावा लागतो. हे काम करणाऱ्या सफाई कामगारांत दलित जातींचेच लोक बहुसंख्य आहेत. घाट चकचकीत होतो, आरतीचे फोटो निघतात. पण घाटामागच्या गल्लीत कोणता नळ आधी दुरुस्त व्हायचा, गाळ काढणारा जिथे राहतो त्या वस्तीत गटार कधी बांधले जायचे, हे कोण ठरवते? पालिका शहराचे लहान लहान तुकडे का करतात, या प्रश्नाकडे आपण इथून पाहिले पाहिजे.

वाराणसी नगर निगमाची २०२३ ची निवडणूक १०० वॉर्डांत झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. त्यानंतर लोक वाढले, हद्दही वाढली. म्हणजे एका नगरसेवकामागे किमान बारा हजार माणसे. अशी विभागणी करण्याचे अधिकृत कारण साधे आहे आणि ते खोटेही नाही. गल्लीतला दिवा बंद आहे हे मुख्यालयात बसलेल्या आयुक्ताला दिसत नाही. कचऱ्याची गाडी कोणत्या बोळात शिरत नाही हे त्या बोळात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. निर्णय जितका जवळ, तितका जाब विचारणे सोपे. शिवाय न बोललेली कारणेही आहेत. मुख्यालयावरचा भार हलका होतो, करवसुलीला माणूस मिळतो आणि लोक चिडले की शिव्या खायला कुणीतरी समोर असतो.

१ जून १९९३ रोजी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असे कलम २४३-एस सांगते. पण याच कलमाशेजारी खेड्यांसाठीची तरतूद ठेवून वाचा. खेड्याला ग्रामसभा आहे. कलम २४३ मधल्या व्याख्येनुसार गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. शहरातल्या मतदाराला घटनेने अशी सभा दिलेली नाही. पंचायतीच्या प्रत्येक स्तरावर अनुसूचित जाती-जमातींना सदस्यपदांत आणि अध्यक्षपदांतही आरक्षण आहे. शहरात पालिकेच्या जागा राखीव आहेत, महापौर-नगराध्यक्षपदासाठी राज्याने कायदा करायचा आहे; प्रभाग समितीच्या अध्यक्षपदाबद्दल मात्र घटना गप्प आहे. लोकांच्या सर्वांत जवळची म्हणून जी समिती निर्माण केली, तिच्याच खुर्चीबद्दल हे मौन.

आपल्या इतिहासात या मौनाची किंमत मोजलेली आहे. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. गावच्या पंचायतीला अधिकार द्यायचे असतील, तर अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व हवे. नुसता मताधिकार पुरणार नाही, कारण गावात ते कायमचे अल्पसंख्य आहेत. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप लोकांची सत्ता, हे त्यांना कधीच मान्य नव्हते. त्याआधी पाच वर्षे महाडने त्यांना ते शिकवले होते. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा गावाने मारहाण केली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खुले करणारी आणि बंद करणारी संस्था एकच. कर भरणाऱ्या, मत असणाऱ्या लोकांना ती जवळची होती. तळ्याला तर ती सगळ्यांत जवळची होती!

म्हणून ‘लहान एकक म्हणजे लोकशाही’ असे कुणी म्हटले की आम्ही विचारतो, त्या एककाची हद्द कुठून जाते? शहरातली वस्ती जातीनेच आखलेली आहे. घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, हे वाचकाला वेगळे सांगायला नको. दलित वस्ती दोन वॉर्डांत चिरली की दोन्हीकडे अल्पसंख्य. मोठ्या वॉर्डात गिळली गेली की तिच्या नावाने कुणी बोलत नाही.

मुंबईचेच पाहा. २२७ नगरसेवक आणि १७ प्रभाग समित्या. २०११ ची सव्वा कोटी लोकसंख्या भागली तर एका नगरसेवकामागे पंचावन्न हजार माणसे, एका समितीमागे सात लाखांहून अधिक. सात लाखांचे कसले शेजारपण? महाराष्ट्रात या समितीत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. ते कोणत्या भागातून, कोणत्या जातींतून येतात, याची नोंद कुठे मागितली जात नाही. वर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कज्ज्यात २०२५ च्या अखेरपर्यंत मुंबईत निवडून आलेले सभागृहच नव्हते. सभागृह नाही म्हणजे समित्याही नाहीत.

याच मुंबईने शेजारपणाचे दोन नमुने करून दाखवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय गल्ल्यांसाठी एएलएम सुरू झाले. सोसायट्यांनी एकत्र यायचे, कचरा वेगळा करायचा आणि पालिकेच्या अधिकाऱ्याबरोबर महिन्याची बैठक घ्यायची. झोपडपट्ट्यांसाठी आली ‘दत्तक वस्ती योजना’. तिथे संस्था नेमायची आणि तिच्यामार्फत वस्तीतल्याच लोकांकडून तुटपुंज्या मानधनावर सफाई करून घ्यायची. शब्द नीट पाहा. एका वस्तीला व्यवस्थापन, दुसरीला दत्तकविधान. एकीकडचा रहिवासी तक्रार करणारा नागरिक, दुसरीकडचा झाडू धरणारा लाभार्थी. दोन्ही योजनांत लहान एकक होते, दोन्हीत ‘लोकसहभाग’ होता. जात फक्त नावात नव्हती.

मग लहान एकक नकोच का? तसे आम्हाला वाटत नाही. संबंध शहराच्या पातळीवर गटारात गुदमरून मेलेला कामगार एका ओळीची बातमी असतो. वस्तीच्या पातळीवर त्याला नाव असते, त्याच्या बायकोला सगळे ओळखतात आणि ठेकेदार कोण हेही सगळ्यांना माहीत असते. आपली संख्या आपल्या कामी येईल अशी जागा वस्तीच आहे, अट एवढीच की वस्तीलाच एकक मानले पाहिजे. जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याला त्यांनी एकट्याने विरोध केला. सभागृहात एकट्याचा आवाज किती पुरतो, हे तेव्हाच कळले होते. तो खर्च करावा की नाही, हे गंज पेठेतल्या माणसांना विचारण्याची सोय कुठल्याच कायद्यात नव्हती.

आज ती आहे, निदान कागदावर. महाराष्ट्राने २००९ मध्ये पालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रांच्या भागातले सगळे मतदार तिचे सदस्य. ग्रामसभेचे शहरी भावंडच. वाचकांपैकी किती जण आजवर क्षेत्रसभेला गेले आहेत? केरळने १९९४ च्या कायद्यात लहान नगरपालिकांसाठी वॉर्डसभा आणि मोठ्या शहरांत वॉर्डावॉर्डाची समिती ठेवली. तिथे जात संपली असे नव्हे, पण लाभार्थ्यांची यादी नगरसेवकाच्या घरी न होता लोकांसमोर वाचली जाण्याची वाट तरी तयार झाली.

प्रभाग समितीची रचना राज्याच्या विधिमंडळाने ठरवायची, असे कलम २४३-एस मध्येच लिहिले आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेची वाट पाहावी लागत नाही. समित्यांची अध्यक्षपदे आळीपाळीने अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि स्त्रियांसाठी राखीव ठेवणे, क्षेत्रसभेची हद्द वस्ती न चिरता आखणे, सभा पालिकेच्या कार्यालयात न घेता वस्तीतल्या समाजमंदिरात आणि कामगाराची पाळी सुटल्यावर घेणे, प्रत्येक क्षेत्रसभेला स्वतःचा निधी देणे, हे सगळे मुंबईत किंवा लखनौत एका अधिवेशनात होऊ शकते. राजा घाटावरचा गाळ काढणाऱ्यालाही रहिवासी म्हणून एक सभा असली पाहिजे, आणि त्या सभेच्या इतिवृत्तात त्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी लिहिले गेले पाहिजे.