परमुलखाची पेठ आणि भरवशाचा सोबती

भारत व संयुक्त अरब अमिरात यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ मे २०२२ रोजी अमलात आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यापूर्वी २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारावर सह्या झाल्या होत्या. जकातीच्या भिंती अशा एकामागून एक खचत असता आमच्या उद्योजकांचे डोळे परदेशी पेठांकडे लागावेत, हे स्वाभाविक आहे. परंतु जकात उतरली की माल आपोआप खपेल, ही समजूत भाबडी आहे. परक्या मुलखात माल कोणाच्या हाती सोपवायचा आणि त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे टाकायचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही व्यापारी करारात मिळत नाही.

गोमंतकाला हा प्रश्न अनोळखी नाही. मात्र पूर्वी आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पणजीचे म्हामाय कामत हे घराणे फ्रेंच व पोर्तुगीज व्यापाऱ्यांचे दलाल म्हणून काम पाहत होते. त्यांच्या दप्तरातील कागद आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. परक्या व्यापाऱ्याला येथली भाषा, येथले भाव, येथल्या अंमलदारांचे स्वभाव आणि येथल्या सावकारांची पत ठाऊक नसे. ते सारे ठाऊक असणारा माणूस हेच त्याचे खरे भांडवल असे. आज दुबई, लंडन वा ओस्लो येथे माल नेणारा गोमंतकीय कारखानदार त्याच परक्याच्या जागी उभा आहे.

लोहखनिजाच्या व्यापाराने मात्र आपल्याला ही विद्या शिकविली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते. पुढे चीनला हवे झाले. गिऱ्हाइके मोजकी आणि मोठी. माल मुरगाव बंदरात जहाजावर चढला की आपले काम बहुतांशी संपे. दूरदेशीच्या दुकानाच्या फळीवर आपला माल मांडण्याची वेळ कधी आली नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा एकाच मालावर विसंबण्याची किंमत राज्याने मोजली. आता काजूगर, कोळंबी, फेणी, औषधे यांच्या निर्यातीची भाषा आपण करीत आहोत. या मालाला तेथला आयातदार, गोदामवाला, वितरक आणि परवाने काढणारा असा सोबती लागतोच.

आणि घात होतो तो येथेच. अमिरातीतील १९८१ च्या कायद्याने नोंदणीकृत स्थानिक प्रतिनिधीला असे संरक्षण दिले होते की, कराराची मुदत सरली तरी सबळ कारणावाचून त्याला दूर करणे दुरापास्त होई. २०२३ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही पकड काहीशी सैल केली. तरी घाईने केलेली सही आजही महागात पडू शकते. अनेक देशांत व्यापारचिन्ह प्रथम नोंदविणाऱ्याचे ठरते. वितरकाने ते आपल्या नावे नोंदविले, तर मूळ मालकालाच स्वतःचे नाव वापरण्यासाठी झगडावे लागते. औषधांची नोंदणीही कित्येक ठिकाणी स्थानिक कंपनीच्या नावे करावी लागते. भागीदारी तुटली की ती नोंदणी तिच्याच मुठीत राहते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण अशा मानांकनाचे संरक्षण देशाच्या सीमेपलीकडे आपोआप जात नाही.

मोठ्या उद्योगसमूहाजवळ वकिलांची फौज असते. टाटा आणि जपानची डोकोमो यांची २००९ मधील भागीदारी फिसकटली. लंडनच्या लवादाने २०१६ मध्ये डोकोमोच्या बाजूने निवाडा दिला आणि २०१७ मध्ये तडजोड होऊन तिचे पैसे चुकते झाले. बाहेर पडण्याची अट आरंभीच कागदावर नोंदविलेली होती, म्हणून हे घडले. बार्देश किंवा सत्तरीतील काजू कारखानदाराला एवढी झुंज कोठून परवडणार? त्याच्या दोन खेपांचे पैसे बुडाले, तर कारखान्याला कुलूप लागते आणि काजू सोलणाऱ्या बायांची मजुरी त्या कुलुपाआड अडकते.

यावर सरकारचा ठरलेला उपाय म्हणजे शिष्टमंडळे, मेजवान्या आणि सामंजस्य करार. आमच्या मते राज्याने त्याऐवजी तीन साधी कामे हाती घ्यावीत. पहिले, परदेशी भागीदाराची नोंदणी, मालकी, ताळेबंद व कज्जेदलाली यांची माहिती भारतीय वकिलातींमार्फत मिळवून लहान निर्यातदाराला माफक शुल्कात द्यावी. दुसरे, मुदत, हद्द, व्यापारचिन्हाची मालकी, लवादाचे ठिकाण आणि फारकतीच्या अटी स्पष्ट असलेला नमुना करार तयार ठेवावा. तिसरे, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात पत हमी महामंडळाचा विमा लहान कारखानदाराच्या दारापर्यंत पोचवावा. १९०८ पासून कार्यरत असलेल्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सने या कामी पुढाकार घेणे उचित ठरेल.

भागीदार निवडणे हे सरकारचे काम नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. निवड व्यापाऱ्यानेच करावी आणि जोखीमही त्यानेच पत्करावी; सरकारने केवळ त्याला अंधारात उडी घ्यावी लागू नये एवढे पाहावे. आखातात आणि युरोपात आपले असंख्य गोमंतकीय बांधव आहेत. त्यांच्या ओळखीचा उपयोग अवश्य व्हावा; पण गाववाला आहे म्हणून कागद न पाहता माल सोपविणे हा व्यवहार नव्हे. नातेही टिकवायचे असेल, तर हिशेब आधी चोख हवा.

उलट बाजूही विसरता येणार नाही. वेळेवर न पोचणारी खेप आणि नमुन्याहून हलका निघालेला माल परदेशी सोबत्याचाही विश्वास उडवितो. भरवशाचा भागीदार मागणाऱ्याने स्वतःही भरवशाचे असावे लागते.

पुढचे शिष्टमंडळ विमानात बसण्यापूर्वी मागल्या दौऱ्यांतील किती करारांतून प्रत्यक्ष माल गेला आणि किती पैसा परत आला, याचा हिशेब सरकारने विधानसभेपुढे ठेवावा. त्या आकड्यांवरूनच कोणता मार्ग धरावा आणि कोणता सोडावा, हे ठरविता येईल.