उन्हाळा कोणाचा, नेतृत्व कोणाचे?

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या आवारांत दर उन्हाळ्यात एक बाजार भरतो. नियमित विद्यार्थी सुटीवर गेलेले असतात, वसतिगृहे रिकामी असतात. त्या खोल्यांत माध्यमिक शाळांतील मुलामुलींना दोन-तीन आठवडे ठेवून 'ज्ञानसमृद्धी' आणि 'नेतृत्वगुण' पुरविले जातात. हार्वर्डमधील दोन आठवड्यांच्या अशा वर्गाचे शुल्क पाच हजार डॉलरांच्या वर आहे. या हजेरीने पुढे पदवीला प्रवेश मिळेलच असे नाही. तरी गिऱ्हाईक कमी होत नाही. मुंबई-पुण्याचे सुखवस्तू पालकही आता त्या रांगेत उभे आहेत.

यावर केवळ संताप व्यक्त करून भागणार नाही. जेथे शिक्षण विक्रीला आहे तेथे नेतृत्वही विक्रीला येणारच. खरा प्रश्न असा की, नेतृत्व कोणाचे आणि कोणासाठी? त्याचे एक उत्तर त्याच अमेरिकेत, तिच्या सर्वांत दरिद्री आणि कमालीच्या वंशद्वेष्ट्या राज्यात, १९६४ च्या उन्हाळ्यात दिले गेले होते.

मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांचे वेळापत्रक कापूस ठरवीत असे. वेचणीच्या हंगामात शाळा बंद आणि त्याची भरपाई म्हणून ऐन उकाड्यात वर्ग चालू. जमीनदाराला हात केव्हा हवेत यावर मुलाने पाटी केव्हा धरायची हे अवलंबून! मताधिकाराविषयी वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाला नोकरी गमावण्याची धास्ती होती. १९६३ च्या अखेरीस 'स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी' या संघटनेचे तरुण कार्यकर्ते चार्ल्स कॉब यांनी सुचविले की, मतदार नोंदणीच्या मोहिमेबरोबरच पुढील उन्हाळ्यात 'स्वातंत्र्यशाळा' काढाव्यात. हजारभर मुले येतील असा अंदाज होता. आली दोन हजारांहून अधिक. चाळीसहून अधिक शाळा चर्चच्या खोल्यांत, घरांच्या ओसरीवर, झाडांखाली भरल्या. शुल्क नाही, परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. अभ्यासक्रमच प्रश्नांचा होता. गोऱ्या समाजाजवळ आहे त्यापैकी आपल्याला काय हवे? काय नको? आणि आपल्याजवळचे असे काय आहे, जे आपण जपले पाहिजे? मुलांनी स्वतःची वृत्तपत्रे लिहिली आणि सायक्लोस्टाइल करून वाटली.

या शाळांची किंमत डॉलरांत मोजली गेली नाही. मोहिमेच्या आरंभीच, २१ जून रोजी, जेम्स चेनी, मायकेल श्वेर्नर आणि अँड्र्यू गुडमन या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. ८ जुलै रोजी मॅकोम गावी कार्यकर्त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. तेथील शाळा तरीही भरली. तिघांचे मृतदेह ४ ऑगस्टला मातीच्या धरणात सापडले. त्यानंतर काही दिवसांतच, चेनी यांच्या मेरिडियन या गावी, या शाळांतील मुलांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. घरे, रोजगार, आरोग्य, शिक्षण यांविषयी त्यांनी मागण्यांचा जाहीरनामा तयार केला. त्यात एक मागणी अशी होती की, वर्णविद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर अमेरिकेने आर्थिक निर्बंध लादावेत. शाळकरी मुलांना १९६४ मध्ये जे कळले, ते अमेरिकेच्या काँग्रेसला रेगन यांचा नकाराधिकार डावलून कायद्यात आणावयास १९८६ उजाडले. (भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता, हे येथे अभिमानाने नमूद करावयास हरकत नाही.)

या शाळांचे देव्हारे मात्र माजवू नयेत. स्वयंसेवकांपैकी बहुसंख्य उत्तरेकडील गोरे महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि सुटी संपताच त्यांतील बरेच जण परतले. तेवढ्या बळावर शाळा वर्षभर चालणे शक्य नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जॉन्सन सरकारने 'अपवर्ड बाउंड' ही योजना आणली. गरीब घरांतील मुलांना उन्हाळ्यात सुमारे सहा आठवडे महाविद्यालयात ठेवून विनामूल्य शिकविणारी. तिने अनेकांना पदवीपर्यंत नेले, हे मान्य केले पाहिजे. पण वस्तीला उठवण्याऐवजी वस्तीतून एकेकाला वर काढणे, एवढीच तिची झेप होती. सत्ताधारी वर्गाला तेवढेही जड झाले. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ही योजना ज्या गटात मोडते त्या सर्व योजनांचा निधी रद्द करावा, अशी शिफारस केली.

कापसाच्या जागी ऊस घातला की मिसिसिपी मराठवाड्यात येते. महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर, बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील लाखो कष्टकरी मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुले बरोबर जातात किंवा म्हाताऱ्यांजवळ राहतात. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, पण मोठ्या मुलीला बहुधा धाकट्या भावंडांसाठी फडावरच थांबावे लागते आणि अनेकींचे लग्न शाळा संपण्याआधीच उरकले जाते. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. म्हणजे मूल घरी येते तेव्हा शाळेला कुलूप लागण्याची वेळ झालेली असते.

या मुलांसाठी मे महिना सुटीचा नाही, तोच शिकण्याचा काळ आहे. केरळात बालसंघमचे 'वेनल तुंबी' कलाजथे उन्हाळी सुटीत गावोगाव फिरतात. मुलांना एकत्र आणणे आपल्या चळवळीला नवे नाही. आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी ऊसतोड कामगारांच्या गावांत सहा आठवड्यांचे वर्ग चालविण्याचा निर्णय आपल्या विद्यार्थी, शिक्षक व कामगार आघाड्यांनी एकत्र बसून घ्यावा. शाळेची एक खोली आणि गावातलेच दोन पदवीधर पुरेत. बाहेरून आलेला जूनमध्ये निघून जातो. बुडालेले गणित, इंग्रजी व विज्ञान तेथे आधी भरून काढावे लागेल, त्यात कुचराई नको. आणि गणिताच्याच तासाला घरच्या उचलीचा हिशेब फळ्यावर मांडावा. किती टन तोडला, टनामागे दर काय, मुकादमाने किती कापले, वही कोणाच्या घरी असते, ती आजवर कोणी उघडून पाहिली? साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन ऑक्टोबरच्या सुमारास होते. उचलीचे व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच ठरतात.