विश्लेषण : शाळेला अचानक सुट्टी पडली, तर प्राथमिकच्या मुलांनी घरी काय शिकावे?

अतिवृष्टी, पूर, उष्णतेची लाट किंवा साथ, कारण कोणतेही असो. शाळा बंद झाली की सर्वाधिक नुकसान होते ते पहिली ते चौथीच्या मुलांचे. ते कमी करण्यासाठी महागडे साधन लागत नाही. मात्र घराची शाळा करण्याचा अट्टहास सोडावा लागतो.

पावसाळ्यात रात्री उशिरा मोबाइलवर संदेश येतो : अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी. मुले उड्या मारतात आणि आईवडिलांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. उद्या मुलाकडे कोण बघणार? आणि बुडणाऱ्या अभ्यासाचे काय? सुट्टी एका दिवसाची असेल, तर दुसरा प्रश्न सोडून द्यावा. पण तीच सुट्टी लांबत गेली, तर? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात अनेक शाळा पाण्यात होत्या आणि ज्या कोरड्या होत्या, तिथे पूरग्रस्तांचा मुक्काम होता. अशा वेळी घरी काय करायचे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

लहान मुलांचेच नुकसान जास्त का?

आठवीतला मुलगा पुस्तक उघडून स्वतः काहीतरी वाचू शकतो. पहिली-दुसरीतले मूल अजून वाचायलाच शिकत असते. अक्षरओळख, काना-मात्रा, जोडाक्षरे, दशक-एकक या गोष्टी रोजच्या सरावाने पक्क्या होतात. सराव तुटला की जे येत होते तेही विसरते. शिवाय या वयात समोर कोणीतरी माणूस लागते. ‘हे काय लिहिले आहेस, वाचून दाखव बघू,’ असे म्हणणारे कोणी नसेल, तर वही भरते पण डोक्यात काही उतरत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. त्यातले दहा-पंधरा दिवस पाऊस आणि इतर कारणांनी गेले, तर तो फटका किरकोळ म्हणता येत नाही.

करोनाकाळाने काय दाखवले?

राज्यात मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग बहुतेक ठिकाणी थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडले आणि ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये काही काळ पुन्हा बंद झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात बसले ते थेट दुसरीच्या उत्तरार्धात. त्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालली, दीक्षा अ‍ॅप होते, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारलेली मालिकाही सुरू झाली. प्रयत्न झाले नाहीत असे कोणी म्हणणार नाही.

तरीही हिशेब जुळला नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील १६ हजारांहून अधिक प्राथमिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ९२ टक्के मुलांनी आधी येत असलेली किमान एक भाषिक क्षमता गमावली होती; गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. ‘असर’च्या ग्रामीण भारतातील पाहणीनुसार, दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. पाचवीत ते ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर घसरले. ही घसरण पुस्तक उघडूनही वाचता न येणाऱ्या मुलांची आहे. तिसरीत न वाचणारे मूल चौथीत परिसर अभ्यासही शिकत नाही, कारण तोही वाचूनच शिकायचा असतो.

मोबाइल हातात असूनही शिक्षण का पोहोचले नाही?

‘असर’च्याच २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यात अंतर आहे. फोन वडिलांचा, वडील कामावर, ते घरी येणार रात्री आठला. भावंडे तिघे, फोन एक. रिचार्ज संपलेला. शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्वाध्यायाचे छायाचित्र टाकायचे, आईने ते वहीत उतरवून घ्यायचे आणि पूर्ण झालेल्या पानाचे छायाचित्र परत पाठवायचे, अशी साखळी अनेक घरांत चालली. त्यात पान पूर्ण झाले, शिकणे राहिले.

फोनचा उपयोग होतो तो वेगळ्या रीतीने. आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात २०२० मध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचा एक प्रश्न संदेशाने पाठवला गेला. काही घरांना संदेशाबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा साधा फोनही केला गेला. फोन स्पीकरवर, एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला मूल आणि पालक. ज्यांना फोन आला त्या मुलांचे गणित स्पष्ट सुधारले. नुसत्या संदेशाने फारसा फरक पडला नाही. पुढे हाच प्रयोग भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडातही झाला आणि तिथेही फोनचा फायदा दिसला. त्याला स्मार्टफोनही लागत नाही, साधा बटणांचा फोन पुरतो.

घरी भाषेसाठी काय करावे?

सर्वात सोपी आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मुलाशी बोलणे. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ या प्रश्नांना हो-नाहीत उत्तर देता येते, म्हणून त्यात भाषा वाढत नाही. ‘पाणी इतके कुठून आले असेल?’, ‘आज भाजी कशी केली ते मला सांग’, ‘मांजर बोलू लागली तर पहिल्यांदा काय म्हणेल?’ असे प्रश्न विचारले की मूल चार वाक्ये जुळवते. घरची बोली अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी किंवा पावरी असेल, तर त्याच बोलीत बोलावे. घरच्या भाषेत विचार मांडता आला की पुस्तकाची भाषा जोडून घेणे सोपे जाते. आजी-आजोबांची गोष्ट, कोडी, शब्दांच्या भेंड्या हे सारे भाषेचेच तास आहेत.

वाचनासाठी घरात पुस्तके नसली तरी मजकूर असतो. बिस्किटाचा पुडा, दिनदर्शिका, लग्नपत्रिका, विजेचे बिल, जुन्या वर्तमानपत्राचे मथळे यांतून पहिलीतल्या मुलाला ‘‘क’ कुठे कुठे दिसतो, गोल कर’ म्हणावे. दुसरीतल्या मुलाला मथळा वाचायला द्यावा. तिसरी-चौथीतल्या मुलाने छोटी बातमी वाचून स्वतःच्या शब्दांत सांगावी. फोन थोडा वेळ मिळत असेल, तर बालभारतीची पुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी मोफत उपलब्ध आहेत. मोठ्याने एक गोष्ट वाचून दाखवावी, ओळीवर बोट फिरवावे आणि शेवटच्या पानाआधी थांबून विचारावे, ‘आता काय होईल?’

लिहिण्यासाठी दहा वेळा तेच उतरवून काढण्यापेक्षा कारण असलेले लिखाण द्यावे. किराण्याची यादी, गावच्या आजीला चिठ्ठी, दाराला लावायची पाटी. चुका होतील, त्यातली एकच चूक त्या दिवशी दाखवावी.

आणि गणितासाठी?

स्वयंपाकघर हा गणिताचा उत्तम वर्ग आहे. चार माणसांना प्रत्येकी दोन पोळ्या, तर एकूण किती? भाकरीचे चार सारखे तुकडे केले, एक खाल्ला, किती उरले? पातेल्यात किती वाट्या पाणी मावते? आधी अंदाज, मग मोजणी, हा क्रम ठेवावा. दुकानातून आणलेल्या वस्तूंचा हिशेब मुलाकडून करून घ्यावा आणि सुटे पैसे त्याच्या हातात द्यावेत.

मराठी मुलांची एक खास अडचण आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात, पण लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. त्यामुळे मूल ७२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहिले जाते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवून घरी करता येण्यासारखा उपाय असा : केरसुणीच्या काड्या किंवा काडेपेटीतल्या वापरलेल्या काड्या घ्याव्यात. दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या आणि सात सुट्या म्हणजे वीस आणि सात, म्हणजेच सत्तावीस. दोन्ही नावे एकदम म्हणावीत. आठवडाभर रोज पाच संख्या केल्या, तरी दशक-एकक हाताला कळू लागते. चिंचोके, पत्ते, सापशिडी यांतूनही बेरीज-वजाबाकी होते आणि खेळताना ती कोणालाही अभ्यास वाटत नाही.

पावसामुळेच शाळा बंद असेल, तर तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पाऊसच विषय होऊ शकतो. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा मोकळ्या पण सुरक्षित जागी ठेवावा. पाऊस थांबल्यावर मोठ्यांनी डबा आत आणावा आणि मुलाने पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. तेवढे मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खात्याच्या हिशेबाने २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर तो जोरदार, आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला तर अत्यंत तीव्र. रोजची नोंद वहीत ठेवली की मोजमाप, तक्ता आणि विज्ञान तिन्ही होतात. बातम्यांतल्या इशाऱ्याचा अर्थही कळतो.

रोज किती वेळ द्यावा?

पहिली-दुसरीच्या मुलांना वीस-वीस मिनिटांचे दोन भाग पुरेसे आहेत. तिसरी-चौथीला अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन. एक भाग वाचन-बोलण्याचा, दुसरा मोजण्याचा. उरलेला वेळ खेळ, चित्र आणि घरातली छोटी कामे यांचा. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनीही पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन तासिका दिवसाला दोनपेक्षा जास्त नकोत, असेच सांगितले होते. पाच तासांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले की ते तिसऱ्या दिवशी मोडते आणि त्याचे खापर मुलावर फुटते.

पालक शिकलेले नसतील किंवा दिवसभर कामावर असतील तर?

‘आम्हाला काय येतंय शिकवायला’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. पण गोष्ट सांगायला, मुलाचे वाचन ऐकायला, काड्या मोजायला शाळेचा दाखला लागत नाही. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातून काही ना काही मदत मिळत होती, आईवडील शिकलेले नव्हते तिथे मोठी भावंडे पुढे आली होती. सहावीतल्या ताईने दुसरीतल्या भावाला रोज अर्धा तास वाचून दाखवले, तर दोघांचाही फायदा होतो. मात्र तिच्यावर घरकाम आणि धाकट्यांची शाळा असा दुहेरी भार पडू नये, हे बघायला हवे; शाळा बंद पडते तेव्हा मुलींची पुस्तके आधी बंद होतात. संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्या आईने जेवताना ‘आज काय वाचलंस ते सांग’ एवढे विचारले, तरी मुलाला दिवसभर वाचायला कारण मिळते.

काय टाळावे?

शेजारच्या मुलाशी तुलना. चुकले म्हणून फटका. अभ्यास केलास तर मोबाइल देईन, हा सौदा. आणि पूर किंवा आजारपणातून गेलेल्या घरात लगेच पुस्तक काढणे. अशा मुलांना आधी झोप, जेवण आणि बोलायला कोणीतरी हवे असते. काय घडले त्याचे चित्र काढू द्यावे. अभ्यास दोन दिवसांनी सुरू झाला तरी चालतो.

मग शाळेची आणि सरकारची जबाबदारी काय?

ती संपत नाही, उलट वाढते. घरचे उपक्रम हे आधार आहेत, पर्याय नाहीत. पालकांना सूचनांचा संदेश पाठवला की काम झाले, असे मानणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. पावसाळ्यात सुट्ट्या पडणार हे दरवर्षी ठाऊक असते. मग जूनमध्येच प्रत्येक मुलाच्या दप्तरात दोन गोष्टींची पुस्तके आणि एक उपक्रमपत्रिका का जाऊ नये? शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली पुस्तके घरी पाठवली तर फाटतील, पण वाचली तरी जातील. सुट्टी तीन दिवसांपुढे गेली, तर प्रत्येक मुलाला आठवड्यातून एक फोन व्हावा. त्यासाठी शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे लागेल. शाळा उघडल्यावर पहिला आठवडा राहिलेला धडा पळवण्यात न घालवता कोण काय विसरले हे तपासण्यात घालवावा. पुरात दप्तर गेलेल्या मुलाला नवी पुस्तके पंचनाम्याची वाट न पाहता मिळावीत. आणि बुडालेले दिवस कागदावर नव्हे, वर्गात भरून निघावेत.

शाळेला सुट्टी जाहीर करणारा आदेश एका पानाचा असतो. मुलांच्या जिवासाठी तो काढावाच लागतो. त्याच पानावर ‘या दिवसांत मुलांच्या शिकण्याचे काय’ याच्या चार ओळीही असायला हव्यात. त्या ओळी लिहिल्या जात नाहीत तोवर काड्यांच्या जुड्या आणि रात्रीच्या गोष्टी घरांना सांभाळाव्या लागतील. ज्या घरात हे करायला कोणीच नाही, त्या घरातल्या मुलापर्यंत शाळा फोनवरून तरी पोहोचली पाहिजे.