फुलदाणी उलटी करून बघा!

हल्ली गोव्यातल्या तीन-चार दिवाणखान्यांत मी एकच देखावा पाहिला. काचेच्या शोकेसमध्ये पांढऱ्याशुभ्र पोर्सेलिनच्या फुलदाण्या दाटीवाटीने उभ्या. अंगावर उठावाची नक्षी : लाटा, पाने, चौकोन, बुडबुडे. समोरून ट्यूबचा झगझगाट. कुठल्या? "फॉरेनच्या." कधीच्या? "जुन्या." झाले, माहिती संपली!

दुसरीकडे आपले संस्कृतीप्रेमी नाक मुरडतात. समई आणि तांब्याचा हंडा सोडून हे कसले गोळा करता, म्हणतात. माझे भांडण दोघांशीही आहे.

आधी शोकेसवाल्यांशी. या फुलदाण्यांपैकी बऱ्याच १९६०-७० च्या दशकांतल्या, पश्चिम जर्मनीतल्या. बव्हेरियातल्या सेल्ब गावच्या रोझेन्थाल कंपनीने १९६१ मध्ये आपली 'स्टुडिओ लाइन' सुरू केली. मार्टिन फ्रायरसारख्या कलाकारांनी तिच्यासाठी अशा उठावाच्या फुलदाण्या घडवल्या. (त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला आपण मुक्त झालो!) पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, साच्याला थर धरला की उरलेली ओतून काढतात, मग भट्टी. पुष्कळदा बाहेरून झिलई देतच नाहीत, आतून मात्र देतात. का? तर पाणी राहावे म्हणून. म्हणजे ती फुलांसाठीच केलेली वस्तू आहे, महाराज!

आणि रंग नाही म्हटल्यावर तिथे नक्षी दिसते ती सावलीने. बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड आला की लाट हलल्यासारखी वाटते. समोरून ट्यूब मारली की सगळे सपाट. हौसेने जमवायचे आणि स्वतःच आंधळे करून ठेवायचे, याला काय म्हणावे?

आता संस्कृतीवाल्यांशी. बाहेरून आले ते आपले नव्हे, असे म्हणता? मग आजीचा लोणच्याचा बुयांव फोडा! तो शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. कारखान्यातल्या रोजच्या वस्तूला कसले मोल, असे म्हणता? पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. त्या वेळी त्याही घराघरांतल्या वस्तूच होत्या. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला आणि आज आपण तिकीट काढून तो बघतो.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणारे आपण एकटेच नाही, म्हणून एक उदाहरण दूरचे देतो. मध्य प्रदेशातला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मराठी भाग मागे राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नागपूरसारखाच तिकडेही तान्हा पोळा होतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवतात आणि मिरवत घरोघरी नेतात. कोणी त्याला कलावस्तू म्हणत नाही. पण वर्षातून एकदा तो बैल फळीवरून खाली उतरतो, पोरांच्या हाती लागतो, चार घरे बघतात. प्रदर्शन म्हणतात ते याला. काचेआड कुलूप लावून ठेवणे ही नुसती साठवण झाली.

मी सरकारी कारकून माणूस. आमच्या कचेरीतल्या मोडक्या खुर्चीलाही डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नंबर असतो, खरेदीची तारीख आणि किंमत असते. तुमच्या घरात बोटीवरच्या मामाने किंवा आखातातल्या काकाने जपून आणलेली फुलदाणी असेल, तर तिला एक ओळही नसावी? ती कोणी आणली, कुठल्या बंदरातून, कोणत्या वर्षी, पहिल्या पगारातून की शेवटच्या, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ती गेली की उरेल ती फक्त पांढरी माती. मग भंगारवाला सांगेल तो भाव.

म्हणून म्हणतो, फुलदाणी उलटी करून बघा. बुडावर कारखान्याची खूण असेल. 'पश्चिम जर्मनी' असे छापलेले असेल, तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. तो देश त्या नावाने आता नकाशावर नाही. तेवढे वहीत उतरवा. खाली घरच्या माणसाचे नाव लिहा. मग खिडकीपाशी ठेवा आणि चतुर्थीला दारची चार फुले घाला तिच्यात. त्यानंतर खुशाल मिरवा, मी टाळ्या वाजवायला येईन!