'ब्लॉक' म्हणजे नकारच!

मोर्शीतल्या एका चहाच्या टपरीवर परवा एका तरुण मित्राने मोबाईल पुढे केला. "तिनं मला ब्लॉक केलंय, पण बघा, सगळं दिसते." वर म्हणतो, "पोस्ट पब्लिक आहे, मग पाहण्यात काय गुन्हा?"

तांत्रिकदृष्ट्या त्याचे खरे आहे. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, नोव्हेंबर 2024 मध्ये ब्लॉकचा अर्थच बदलला. ब्लॉक झालेल्याला आता सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. लाइक, उत्तर किंवा रीपोस्ट मात्र करता येत नाही. ब्लॉकच्या आड कोणी आपल्याविषयी लिहीत असेल तर ते कळले पाहिजे, असे कंपनीचे म्हणणे. इतर ठिकाणी लोक दुसऱ्या आयडीवरून डोकावतातच.

पण कोण कोणाला ब्लॉक करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

नगरसेवकाने पाण्याची वेळ आणि शिबिराची तारीख आपल्या पानावर टाकायची आणि प्रश्न विचारणाऱ्याला ब्लॉक करायचे, हे चालणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये लिंडके विरुद्ध फ्रीड खटल्यात सांगितले, की सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेला माणूस तोच अधिकार वापरून पोस्ट टाकत असेल, तर त्याने केलेले ब्लॉक ही सरकारी कृती ठरू शकते. आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 आहे. कार्यालयाने माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. तेव्हा नेत्याच्या पानावर डोकावत बसू नका, नगरपरिषदेकडे अर्ज करा.

मुलीने केलेले ब्लॉक ही वेगळी गोष्ट. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम महिलांचा 'लिलाव' मांडला गेला. फोटो त्यांच्याच समाजमाध्यमांवरून उचललेले होते. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांनी आरोपींना अटक केली. तेव्हा "फोटो पब्लिक होते" हा बचाव आपल्यापैकी कोणी मान्य केला होता का? मग आज आपल्याच गल्लीतल्या मुलीबाबत तो कसा चालतो?

कायदाही स्पष्ट आहे. स्त्री इंटरनेट कसे वापरते यावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद. आणि कायद्याच्या कितीतरी आधी सूरह अल-हुजुरातच्या 12 व्या आयतीने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकणे, मना केले आहे. त्याच सूरहची 6 वी आयत बातमीची शहानिशा करायला सांगते. मे 2023 मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यात एका पोस्टवरून दंगल पेटली, एक जीव गेला. म्हणून ब्लॉकपलीकडून काढलेला स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्याआधी हात आवरा.

बहिणींनो, नुसत्या ब्लॉकवर विसंबू नका. खाते खासगी करा, अनोळखी फॉलोअर काढून टाका, त्रास देणाऱ्याचे पुरावे जपून ठेवा आणि तक्रार करा. यात लाजायचे असेल तर त्रास देणाऱ्याने.

आणि टपरीवरच्या मित्रा, दार लावलेले दिसले की खिडकी शोधू नये. आपल्या घरात हेच शिकवले आहे. मोबाईलमध्ये ते बदलत नाही.