वर्गणीपेक्षा विणलेली टोपली बरी



या वेळच्या भित्तिपत्रकाला 'मला काय वाटते' असा विषय दिला आहे. कुणी मोबाईलवर लिहिले आहे, कुणी झाडांवर. मी टोपलीवर लिहिणार आहे. हसू नका, आधी पुरते वाचा.

मला असे वाटते की, शाळेत कुणाला भेट द्यायची असेल तर मुलांकडून पैसे गोळा करू नयेत. भेट हाताने करावी आणि सगळ्यांनी मिळून करावी. त्यासाठी क्रोशाच्या सुईने विणलेली साधी टोपली ही फार चांगली वस्तू आहे. असे मला का वाटते, ते आता सांगते. त्यात माझी एक चूकही सांगावी लागेल.

मागच्या वर्षी आम्ही सहावीत होतो. आमच्या बाईंची बदली झाली. बाईंनी आम्हांला पहिलीपासून शिकवले होते. निरोपाला काय द्यायचे, यावर वर्गात चर्चा झाली आणि ठरले की प्रत्येकी पन्नास रुपये काढून तालुक्याहून भिंतीवरचे घड्याळ आणायचे. मी वर्गप्रमुख होते. म्हणून पैसे गोळा करायचे काम माझ्याकडे आले. ज्यांचे राहिले त्यांची नावे मी रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. पहिल्या दिवशी अकरा नावे होती, दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी एकच नाव उरले. मला वाटले, काय छान काम केले मी!

जिचे नाव उरले होते ती माझी मैत्रीण. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ताप आला असेल असे मला वाटले. संध्याकाळी ती नळावर भेटली. डोक्यावर हंडा होता. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "आईचा रोजगार शनिवारी मिळंल, मग देते. तवर माझं नाव पुसशील का?"

मी घरी आले. जेवण गेले नाही. आजीने विचारले तेव्हा सगळे सांगितले. आजी म्हणाली, "अगं पोरी, भेट म्हणजे काय घरपट्टी आहे का, वसूल करायला?"

मला त्याचे उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले. गुरुजी रागावले नाहीत, पण थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी सर्वांचे पैसे परत करायला सांगितले आणि आजीला कार्यानुभवाच्या तासाला बोलावले. आजीने तिच्या लग्नात रुखवतासाठी क्रोशाची तोरणे आणि रुमाल स्वतः केले होते. आता रुखवत तयार विकत मिळते, त्यामुळे पुष्कळ घरांतली सुई डब्यात पडून आहे. पालकांनो, तुमच्या घरीही ती असेल. बघा शोधून.

आजीची सुई होती दोऱ्याची, अगदी बारीक. आम्हांला तर दोरा विकत आणायचाच नव्हता. घरातल्या जुन्या साड्या, धोतरे, परकर यांच्या दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या ठरल्या. त्याला जाड सुई लागते. आजोबांनी बांबूची करंगळीएवढी काडी तासली, टोकाला खाच पाडली आणि काचपेपरने घासून गुळगुळीत केली. झाली सुई तयार.

आता विणायचे कसे ते थोडक्यात सांगते. आधी चार साखळ्या घालून त्यांचे कडे करायचे. त्या कड्यात सहा मुके खांब घालायचे. मुका खांब सोपा आहे. सुई खाली घालून पट्टी ओढून घ्यायची, सुईवर दोन फास होतात. मग पुन्हा पट्टी अडकवून ती दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायची. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबात दोन खांब घालायचे, म्हणजे बारा होतात. तिसऱ्या ओळीत एकाआड एक खांबात दोन, म्हणजे अठरा. असे प्रत्येक ओळीला सहा वाढवत जायचे. ओळ कुठे सुरू झाली ते विसरते, म्हणून तिथे रंगीत दोरा बांधून ठेवायचा.

प्रत्येक वेळी सहाच का वाढवायचे? हे मी आजीला विचारले. ती म्हणाली, "पाच केलेस तर वाटी होईल, आठ केलेस तर झालर होईल." उत्तर खरे होते, पण कारण कळले नव्हते. ते यंदा सातवीच्या गणितात कळले. वर्तुळाचा परीघ काढताना त्रिज्येच्या दुपटीला पायने गुणायचे. पाय म्हणजे जवळजवळ 22/7, म्हणजे त्याची दुप्पट सहापेक्षा थोडी जास्त. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद असतो. म्हणून त्रिज्या एका ओळीने वाढली की परीघ सहा खांबांनी वाढला पाहिजे, तरच तळ सपाट बसतो. आजीला पाय ठाऊक नाही, पण तिच्या हाताला ठाऊक आहे.

तळ हवा तेवढा झाला की वाढवणे बंद करायचे. मग ओळी आपोआप उभ्या राहतात आणि टोपलीची भिंत तयार होते. आमच्या तळाच्या आठ ओळी होत्या. सहापासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळ्यांची बेरीज 216 होते. भिंतीच्या दहा ओळी, प्रत्येकी अठ्ठेचाळीस खांबांच्या, म्हणजे 480. एकूण 696 खांब. आणि आमच्या वर्गाचा पट होता 29. भागून पाहा. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर चोवीस खांब येतात! हे गणित गुरुजींनी फळ्यावर मांडले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. ज्या कोपऱ्यात मी नाव लिहिले होते, त्याच कोपऱ्यात ते मांडले होते.

प्रत्येकाने घरून तीन मीटर पट्टी आणायची होती. ज्याच्या घरी अख्खी साडी नव्हती त्याने तुकडे जोडून आणले. जुने फडके सर्वांच्या घरी असते. तिथे कुणाचे नाव मागे राहिले नाही. एका टोपलीवर एका वेळी एकच सुई चालते, म्हणून रोज तिघांचा नंबर लागायचा आणि बाकीचे सुतळीवर सराव करायचे. बाईंना कळू नये म्हणून टोपली पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यामागे लपवली होती.

आता जे लोक नाके मुरडतात त्यांना उत्तर देते.

पहिले म्हणजे, "हे पोरींचे काम, पोरांनी कशाला सुई धरायची?" आमच्या वर्गातली पोरेही आधी असेच म्हणाली. तेव्हा गुरुजींनी विचारले, "घोंगडी कोण विणतो? कोळ्याची जाळी कोण विणतो? बुरुडाच्या घरी टोपल्या फक्त बायकाच करतात का?" सगळे गप्प. गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. 1937 साली वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली होती. तिथे गांधीजींनी मांडले की, मुलांचे शिक्षण हाताच्या उद्योगातून व्हावे. त्यांनी फक्त मुलींचे असे म्हटले नव्हते. मग पोरेही बसली. एकाचा हात इतका घट्ट होता की त्याच्या खांबांपाशी टोपली एका बाजूला कलली. ती अजून तशीच आहे.

दुसरे, "फुकटात भेट उरकली." हे मला अजिबात पटत नाही. पैसे कमी लागले म्हणजे वस्तू फुकट झाली नाही. चोवीस खांब घालताना माझी बोटे दुखली, दोनदा उसवावे लागले. यंत्रावरचे स्वेटर बाजारात ढीगभर मिळतात, पण क्रोशाची वस्तू बहुतेक कुणाच्या तरी हातचीच असते. आंध्र प्रदेशात नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या भागातल्या बायका शंभराहून जास्त वर्षे घरी बसून क्रोशाची लेस विणतात. 2024 साली तिच्या वस्तूंना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या बायकांवर 1982 साली एक पुस्तक निघाले, त्यात दाखवले आहे की तासन्‌तास विणूनही त्यांना मजुरी अगदी थोडी मिळायची. का? तर या घरी बसणाऱ्या बायका, फावल्या वेळात विणतात, असे धरून चालायचे. हे ऐकून मला आजीची आठवण झाली. आपणही म्हणतोच की, "आजी काय, बसल्या बसल्या विणते." बसल्या बसल्या विणून पाहा एकदा, मग कळेल.

तिसरे, "वस्तू सुबक नसते." हे मात्र खरे आहे. पण क्रोशाचा एक गुण आहे. सुईवर एकच फास जिवंत असतो. चूक झाली तर सुई काढायची, पट्टी ओढायची, आणि चुकीपर्यंत मागे जाऊन पुन्हा विणायचे. पट्टी वाया जात नाही. रागावून वस्तू टाकून द्यायचे कारण नाही.

निरोपाच्या दिवशी बाईंनी टोपली हातात घेतली आणि फिरवून फिरवून पाहिली. त्यांनी विचारले, "यात कुणाचा कुठला रंग?" मग काय, एकेक जण पुढे जाऊन बोट ठेवू लागला. ही माझ्या आईची साडी, हे आमच्या आजोबांचे धोतर. माझ्या मैत्रिणीची पट्टी हिरवी होती, सगळ्यांत वरच्या काठाला. काठ तिनेच विणला, कारण आमच्यात सर्वांत सारखा हात तिचाच आहे असे आजीने सांगितले होते. पट्टी घट्ट ओढणाऱ्या पोरांना तिनेच शिकवले. बाई म्हणाल्या, "नव्या शाळेत यात खडू आणि डस्टर ठेवीन." घड्याळ आणले असते तर त्याच्यात आमचे काय असते? सेल संपला की तेही बंद पडले असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मुलांनो, पुढे कुणाचा निरोप असो की वाढदिवस, वर्गणीची यादी करू नका. पालकांनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटता, त्याऐवजी एखाद्या वर्षी चार ओळींचा तळ आणि पाच ओळींची भिंत अशी छोटी टोपली विणून पाहा. फक्त 180 खांब लागतात. लसूण ठेवा, नाहीतर सुई-दोरा ठेवा. पण एक विनंती आहे. ते काम एकट्या आईवर टाकू नका. घरातल्या सर्वांनी खांब वाटून घ्या, नाहीतर ती भेट राहणार नाही, तीही एक पट्टीच होईल, घरपट्टीसारखी.

शेवटी एक सांगते. हा लेख मी मैत्रिणीला विचारून लिहिला आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको." मी तिचे नाव एकदा फळ्यावर लिहिले होते. ते पुसले, पण तिची माफी नीट मागायची राहून गेली होती. घरी जाऊन मागायचा मला धीर झाला नाही. तिचे नाव सगळ्यांसमोर लिहिले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. माझे चुकले.

आमच्या बाईंची टोपली बघायची असेल तर त्यांच्या नव्या शाळेत जावे लागेल. पण दुसरी टोपली कार्यानुभवाच्या तासाला सुरू आहे. सुई खिडकीत ठेवली आहे. ज्यांना खांब घालायचा असेल त्यांनी घालावा, पालकांनीसुद्धा.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी