उमेदवारीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव

कापूस वेचायला बाई. ज्वारीची कणसे खुडायला बाई. तिफणीमागे सरते धरून तुरीची ओळ पेरायला बाई. पण सोसायटीच्या सभेला बाप्या, कापसाच्या भावाची घासाघीस करायला बाप्या, आणि निवडणूक लागली की पक्षाचे तिकीट मागायलाही बाप्याच. या जिल्हा बैठकीत आम्हाला या हिशेबाबद्दल बोलायचे आहे.

आधी आकडे पाहू. 2024 च्या लोकसभेला देशभर 8,360 उमेदवार उभे होते. त्यांत बाया 800. शंभरात दहासुद्धा नाहीत. 543 खासदारांत बाया निवडून आल्या 74, म्हणजे साडेतेरा टक्के. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेला 4,136 उमेदवारांत बाया 363, आणि 288 आमदारांत 21. मत द्यायला मात्र बाया मागे नव्हत्या. त्या लोकसभेला बायांचे मतदान 65.78 टक्के झाले, पुरुषांचे 65.55. पक्षांना बाईचे मत हवे असते, बाई उमेदवार नको असते.

पुढाऱ्यांना विचारले तर एकच उत्तर मिळते, "बाई निवडून येत नाही हो." हे खरे आहे का? 2024 ला उभ्या राहिलेल्या दर शंभर बायांमागे नऊ निवडून आल्या, दर शंभर पुरुषांमागे सहा. पुरुषांत अपक्षांची खोगीरभरती मोठी असते, हे कबूल. तरी बाई म्हणजे पडीक बियाणे, हा सिद्धांत या आकड्यांत बसत नाही.

प्रश्न कोणत्या जमिनीत पेरले याचा आहे. उत्तर प्रदेशात 2022 साली काँग्रेसने 40 टक्के तिकिटे बायांना जाहीर केली. पक्षालाच 403 पैकी 2 जागा मिळाल्या, त्यांतली एक बाईची. बंगालमध्ये 2024 ला तृणमूलने 12 बाया उभ्या केल्या, 11 निवडून आल्या. बरड माळावर पेरायचे आणि उगवले नाही म्हणून बियाण्याला बोल लावायचा, ही शेती कोणी करत नाही. राजकारणात मात्र ती राजरोस चालते.

पण सगळा दोष पुढाऱ्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुढारी घडतो कुठे? सोसायटीत, बाजार समितीत, बँकेच्या संचालक मंडळात. सोसायटीचा सभासद व्हायला जमीन लागते. जमीन नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, सभासदत्व नाही, सोसायटीचे मत नाही. 2023 च्या बाजार समिती निवडणुकांत 18 संचालकांत बायांसाठी राखीव जागा 2. जिल्ह्यात तिकिटाची यादी होते तेव्हा ही पायरी चढलेलीच नावे पुढे येतात. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बाया 14 टक्क्यांच्या आसपास होत्या. लोकसभेत साडेतेरा. योगायोग म्हणा, पण विचार करायला लावणारा आहे.

पंचायत राज्यात 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांच्या आहेत. त्यातून कारभार शिकलेल्या हजारो बाया तयार झाल्या. पण किती घरांत सही तिची आणि खुर्ची त्याची, हे आपण सगळे जाणतो. आरक्षण उठले की तीच बाई पुन्हा चुलीपुढे. तिला खुल्या जागेवर उभी करू, असे आपल्यापैकी किती जण म्हणाले?

चळवळीला हा विषय नवा नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बाया लाखांनी जमल्या आणि पंचायत राज्याच्या निवडणुका बायांनी लढवायचा निर्धार झाला. पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. आणि 2010 च्या मार्चमध्ये राज्यसभेने महिला आरक्षणाचे विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केले, तेव्हा ते एक विरोधी मत शरद जोशींचे होते. त्यांचा आक्षेप फिरत्या आरक्षणाला होता. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ बदलला तर तिथे मुळे धरून काम कोण करणार? आक्षेपात तथ्य आहे. पण तिफण थोडी वाकडी आहे म्हणून पेरणीच चुकवायची, हे आम्हाला पटत नाही.

2023 च्या सप्टेंबरात संसदेने एक तृतीयांश जागांचा कायदा केला. लोकसभेत विरोधात मते 2, राज्यसभेत एकही नाही. मात्र मंजूर करतानाच अट घातली की पुढची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच तो लागू व्हावा. पेरणीचा ठराव जवळपास एकमताने, वापसा कधी ते मात्र सांगितले नाही. पण पक्षांना तिकीट द्यायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मनात असेल तर आजच्या यादीतही नावे घालता येतात.

म्हणून शेतकरी भावांनो, बैठकीहून घरी जाल तेव्हा तीन कामे घेऊन जा. एक, सातबाऱ्यावर कारभारणीचे नाव लावा. भाषण त्यानंतर करा. दोन, सोसायटी असो की आपल्या चळवळीची जिल्हा कार्यकारिणी, खुल्या जागांवर बायांची नावे सुचवा. या बैठकीच्या मंचावर किती बाया बसल्या आहेत, तेही मोजा. तीन, मत मागायला येईल त्या प्रत्येक पक्षाला आधी यादी दाखवायला सांगा. यादीत बाया किती, आणि त्या निवडून येणाऱ्या जागांवर आहेत की बरडावर, ते विचारा.

आणि मायबहिणींनो, तुम्ही कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. कापसाच्या भावाचा हिशेब वेचणाऱ्या हाताइतका कोणाला कळत नाही. तो विधानसभेत मांडायलाही तोच हात वर झाला पाहिजे.